केल्टांचा अधिक महिना

फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या ईशान्येला कोलिन्यी नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतात १८९७ साली ब्राँझचे तुकडे सापडले. काही देवाच्या पुतळ्याचे होते, काही अक्षरं कोरलेल्या पत्र्याचे. पत्र्याचे तुकडे जुळवल्यावर हाती आलं सुमारे दीड मीटर रुंदीचं पंचांग. अर्ध्याहून अधिक भाग गहाळ, लिपी रोमन, पण भाषा गॉलिश, म्हणजे त्या भागातल्या केल्ट या प्राचीन युरोपीय लोकांची. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा.

प्रत्येक तारखेशेजारी एक बारीक भोक आहे. रोज खुंटी पुढच्या भोकात सरकवायची की आजचा दिवस कळला! महिने ३० किंवा २९ दिवसांचे. तीसवाल्यांपुढे बहुधा ‘मत’ कोरलंय, एकोणतीसवाल्यांपुढे ‘अन्मत’. शुभ आणि अशुभ असा त्याचा अर्थ लावतात. महिन्याचे दोन भाग, पहिला १५ दिवसांचा. आपल्याला पक्ष आठवणारच.

साम्य इथेच थांबत नाही. या पत्र्यावर पाच वर्षांचे ६२ महिने आहेत: साठ नेहमीचे आणि दोन अधिक, एकमेकांपासून अडीच वर्षांच्या अंतरावर. आपल्या वेदांग ज्योतिषातलं युगही पाच वर्षांचं, त्यातही चांद्रमास ६२ आणि अधिक मास दोनच. म्हणून कुणी कुणाकडून उचललं, असं मानायची घाई नको. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचं; दरवर्षी पडणारी अकराएक दिवसांची तूट कुठेही बसून मोजली तरी तेवढीच भरते. अडीच वर्षांत ती साधारण एका महिन्याएवढी होते.

मात्र हिशेब तंतोतंत जुळत नाही. ६२ चांद्रमास म्हणजे सुमारे १८३१ दिवस, पाच सौरवर्षं म्हणजे १८२६. पाच वर्षांत पावणेपाच दिवस जास्त, तीस वर्षांत जवळजवळ एक महिना. तेव्हा तीस वर्षांतून एकदा एक अधिक महिना गाळला की चूक दीड दिवसाच्या आत येते. रोमन लेखक प्लिनी सांगतो की ड्रुइड, म्हणजे केल्टांचे पुरोहित, तीस वर्षांचं ‘युग’ मोजत. ते या दुरुस्तीसाठीच असावं, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. पत्र्यावर पाचच वर्षं असल्यामुळे तो तर्कच राहतो, पण मला तरी तो पटतो.

ही आकडेमोड चालायची कशी? ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय की ड्रुइड आपली विद्या लिहीत नसत. ग्रहताऱ्यांची गती, पृथ्वीचं आकारमान हे त्यांच्या चर्चेचे विषय, आणि शिष्य सगळं तोंडपाठ करत, काही जण तर वीस वर्षं. पुढे रोमन सम्राटांनी ड्रुइडांवर बंदी घातली. कोलिन्यीचं पंचांग कोरलं गेलं ते त्या बंदीनंतर, गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, सीझरचंच सौर कॅलेंडर चालू असताना.