शाईमिश्रण

फाउंटन पेनाच्या दोन किंवा अधिक तयार शाया ठरावीक प्रमाणात एकत्र करून नवी छटा मिळवणे म्हणजे शाईमिश्रण. आज हा हौसेचा प्रकार झाला आहे. सांगली-मिरजेकडच्या शाळांत शाईचीच पेने चालत त्या काळात मात्र बहुतेक मिश्रणे ठरवून होतच नसत. वर्गात एखाद्याचे पेन कोरडे पडले की शेजारचा आपल्या पेनाचे तोंड फिरवून काढी आणि मोजून पाच-सहा थेंब उसने देई. देणाऱ्याची शाई रॉयल ब्लू, घेणाऱ्याच्या पेनात तळाशी उरलेली ब्लू-ब्लॅक. तास संपेपर्यंत वहीतल्या निळ्याचा रंग पालटलेला असे, आणि गृहपाठ कुठे थांबला होता ते शिक्षकांना न सांगता कळे.

रंगांचा हिशेब वजाबाकीचा असतो. शाईतला रंजक प्रकाशाचा काही भाग गिळतो आणि उरलेला डोळ्यापर्यंत येतो. दोन रंजक एकत्र आले की दोघेही आपापला वाटा गिळतात, म्हणून मिश्रण मूळ शायांपेक्षा बहुधा गडद आणि किंचित मळकट निघते. निळ्यात लाल घातल्यास जांभळा आणि निळ्यात पिवळा घातल्यास हिरवा, हे चित्रकलेच्या तासाला शिकलेले इथेही खरे. पण प्रमाण फसवते. निळी शाई पिवळीपेक्षा कितीतरी जोरकस असते. दोन्ही निम्मी-निम्मी घेतली तर हिरवा दिसतच नाही, निळाच जरा आजारी दिसतो. म्हणून फिकी शाई आधी घ्यावी आणि तिच्यात गडद शाई थेंबाथेंबाने सोडावी. दोन मिली पिवळ्यात निळीचे दोन-तीन थेंब पडले तरी पोपटी रंग येऊ लागतो. उलट क्रमाने गेल्यास निळ्याला वळवण्यात अर्धी बाटली पिवळी खर्ची पडते.

थेंबांची मोजणीही वाटते तितकी भरवशाची नाही. साध्या ड्रॉपरने पाण्याचे सुमारे 20 थेंब म्हणजे एक मिली. शाईत मात्र ती निबेतून नीट वाहावी म्हणून पृष्ठताण कमी करणारा घटक असतो, त्यामुळे तिचे थेंब लहान पडतात, आणि प्रत्येक शाईचे वेगळे. औषधांच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली सिरिंज या कामाला ड्रॉपरपेक्षा बरी. प्रमाण त्याच वेळी लिहून ठेवावे, तेही त्याच शाईने आणि नेहमीच्याच कागदावर. ओली शाई गडद दिसते आणि वाळल्यावर बदलते, म्हणून बाटलीत पाहून छटा ठरवता येत नाही.

रंग जमला तरी शाई जमली असे नाही. बाटलीत सुरेख दिसणारे मिश्रण दोन दिवसांत गढूळ होते, तळाशी साका बसतो, आणि तोच साका पेनात गेला की निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचा बुजतात. याचे मुख्य कारण सामू, म्हणजे शाई किती अम्लधर्मी किंवा क्षारधर्मी आहे ते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो, हे सांगलीसारख्या हळदीच्या बाजारपेठेला वेगळे सांगायला नको. तिथे हळदीचा रंजक क्षाराने रंग बदलतो. शाईत रंग बदलण्यावर भागत नाही, रंजक पाण्यातून बाहेरच पडू शकतो. पुसता येणारी निळी शाई बरीच अम्लधर्मी असते. अनेक जुन्या घडणीच्या लाल शायांत इओसिन हा रंजक असतो आणि तो क्षाररूपात असेपर्यंतच पाण्यात विरघळतो. अम्ल लागले की त्याचे कण सुटतात. म्हणजे नवशिका सर्वांत आधी करतो तो निळा-लाल प्रयोगच सर्वांत बेभरवशाचा. दुसरे कारण विद्युतभाराचे: बहुतेक शायांतले रंजक ऋणभारित असतात, त्यांत धनभारित रंजकाची शाई पडली की दोघे एकमेकांना धरून खाली बसतात. नूडलर्स या अमेरिकी उत्पादकाची बेस्टेट ब्लू शाई इतर शायांत मिसळू नये, असे तिच्याबाबत बजावले जाते ते याच जातीच्या कारणांसाठी. सामू लिटमसने तपासावा म्हटले तर शाईचा रंगच कागदाचा रंग झाकून टाकतो.

म्हणून खरी कसोटी वाट पाहण्याची. पाच मिली मिश्रण पारदर्शक कुपीत घालून निदान आठवडाभर ठेवावे आणि उजेडासमोर तिरपे धरून तळ पाहावा. टीपकागदावर थेंब टाकल्यास मधोमध दाणेदार डाग उरला तर ती शाई पेनात भरू नये. एकाच उत्पादकाच्या एकाच मालिकेतल्या शाया सहसा जुळवून घेतात, तरी हमी नव्हे. जपानच्या प्लॅटिनम कंपनीने मिक्सफ्री ही नऊ रंगांची मालिका मिसळण्यासाठीच बनवली आणि सोबत पातळ करण्याचे द्रावणही दिले. चमकीच्या शाया, रंगद्रव्याच्या (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाया आणि लोहयुक्त शाया यांना या खेळातून बाहेरच ठेवलेले बरे.

लोहयुक्त शाईची देशी भावंडे सह्याद्रीच्या या बाजूला परकी नाहीत. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातली की टॅनिन आणि लोह यांचा संयोग होतो. लिहिताना फिकी वाटणारी ही शाई हवेतल्या ऑक्सिजनने कागदावर काळी होते. काजळी आणि बाभळीचा डिंक यांची शाई वेगळी, तिच्यात रंग विरघळत नाही, तरंगतो. दोन्ही टाक आणि बोरूसाठी ठीक. फाउंटन पेनात घरगुती काढा भरणे म्हणजे पेन गमावणे. पुढे शाईच्या पुड्या आणि वड्या आल्या. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 मध्ये मुंबईत घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्यांनी सुरू केलेला व्यवसायच पुढे कॅम्लिन झाला. वडी किती पाण्यात विरघळवायची हे घरोघर वेगळे, त्यामुळे एकाच निळ्याच्या अनेक निळ्या होत.

पाण्याचा मुद्दा सांगलीत विशेष महत्त्वाचा. शाई फिकी करायची तर डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम काही रंजकांना पकडून साका धरवतात आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन नाजूक छटा उडवते. पाणी वाढले की शाईतले बुरशीनाशकही पातळ होते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या, सैल झाकणाच्या बाटलीत पांढरट तंतू दिसले तर शाई गाळून वाचवू नये, ओतून द्यावी.

मिश्रण कुठे वापरावे याला कागदोपत्री मर्यादा आहेत. परीक्षेची उत्तरपत्रिका निळी किंवा काळी, तपासनिसाचा लाल, राजपत्रित अधिकाऱ्याचा हिरवा ही सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली वाटणी आहे. त्यात जांभळ्या शाईला जागा नाही. ती रोजनिशीची आणि पत्राची.

पत्रात मात्र एक खोड आहे. मिश्रणातले रंजक एकाच वेगाने विटत नाहीत. इओसिन उन्हात लवकर उडते, त्यामुळे खिडकीपाशी राहिलेले जांभळे पत्र कालांतराने निळे होते. शाई पुसण्याच्या रसायनाने उलट घडते: निळा जातो, गुलाबी उरतो. पाणी तर दोघांना वेगळेच करते. खडूच्या किंवा टीपकागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका देऊन टोक पाण्यात बुडवण्याचा शाळेतला प्रयोग हाच. कृष्णेचे पाणी 2005 आणि 2019 साली घरांत शिरले, तेव्हा सांगलीत वह्या आणि कागद गच्चीवर वाळत घातले गेले. अशा भिजलेल्या पानावर मिश्र शाईचे अक्षर ओळखता येते: मधला मजकूर फिका, आणि भोवती, जो रंजक पाण्याबरोबर लांबवर वाहिला त्याची स्वच्छ कड.