पिवळा भरवशाचा, लाल लहरी

अमेरिकेच्या ईशान्य भागात मुलं-नातवंडं असलेल्या मराठी घरांत मार्च-एप्रिलच्या सुमारास एक प्रश्न निघतोच : "यंदा फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधीचे झाडांचे रंग, बघायला यायचंय, तिकिटं कधीची काढू?" बोस्टनचा मुलगा अंदाजाने एक तारीख सांगतो, तिकिटं निघतात आणि पुढचे सहा महिने सगळी भिस्त झाडांवर. मीही हेच केलं होतं. बहिणीकडे गेलो तेव्हा ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची जोडसुट्टी धरून उत्तर व्हरमाँटमध्ये एक खोली घेतली. पोहोचलो, तर डोंगरमाथ्यावरची झाडं खराट्यासारखी उभी. "परवा वारं सुटलं हो, गेल्या आठवड्यात यायला हवं होतं," घरमालकीण हळहळली. एकादशी उलटून गेल्यावर पंढरपुरात उतरावं, तसं झालं.

पुढे पानांविषयी वाचत गेलो, तेव्हा कुठे चुकलं ते कळलं. तारीखही आधीच बांधलेली, गावही आधीच बांधलेलं. यातली एक गोष्ट तरी मोकळी ठेवायला हवी होती.

कारण झाड दोन घड्याळं बघून चालतं. पहिलं घड्याळ दिवसाच्या लांबीचं. बोस्टनच्या अक्षांशावर सप्टेंबरअखेरीस दिवस रोज जवळजवळ तीन मिनिटांनी आखडतो. मुंबईत त्याच दिवसांत जेमतेम एका मिनिटाने. हे घड्याळ वर्षानुवर्षं चुकत नाही, म्हणूनच 'ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा' असा ढोबळ अंदाज मार्चमध्येही देता येतो. दुसरं घड्याळ हवेचं, आणि ते कधी पुढे पळतं, कधी मागे रेंगाळतं. सप्टेंबर उबदार गेला की रंग लांबतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ बसली, तर पानं लवकर गळतात आणि तीही करपून. मॅसॅच्युसेट्समध्ये पीटरशॅम गावी हार्वर्ड विद्यापीठाचं संशोधनासाठी राखलेलं जंगल आहे, हार्वर्ड फॉरेस्ट. तिथे १९९० पासून ठरावीक झाडांची पालवी आणि पानगळ नोंदवून ठेवतात. झाड तेच, जागा तीच, तरी रंगाची तारीख दर वर्षी वेगळी.

आता रंगाकडे येऊ, कारण सहलीचं गणित तिथेच सुटतं.

हिवाळ्याआधी पान टाकून द्यायचं, पण त्यातला मौल्यवान माल आधी काढून घ्यायचा, हा झाडाचा हिशेब. घर सोडताना भाडेकरू स्वतःचे पंखे आणि ट्यूबलाइट उतरवून नेतो, तसाच. पानातल्या नत्राचा साधारण निम्मा वाटा खोडात आणि फांद्यांत परत येतो. ते नत्र मुख्यतः प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतल्या प्रथिनांत अडकलेलं असतं. ती यंत्रणा उतरवायची, तर हरितद्रव्यही मोडावं लागतं. हिरवा पडदा सरकला की मागचा पिवळा दिसू लागतो. हा पिवळा नवा नसतो. कॅरोटिनॉइड गटातली ही रंगद्रव्यं पानात उन्हाळाभर होतीच, हिरव्याखाली झाकलेली. त्यांतलं मुख्य म्हणजे ल्युटिन. अंड्याच्या पिवळ्या बलकात असतं तेच, आणि आपल्या झेंडूत असतं तेही. दसऱ्याला दारावर झेंडूचं तोरण लागतं, त्याच सुमारास तिकडे बर्चची जंगलं त्याच रंगद्रव्याने पिवळी होतात.

पिवळ्याला फारशी परिस्थिती लागत नाही. हिरवं गेलं की तो आलाच. म्हणून तो भरवशाचा.

लाल रंगाचं मात्र तसं नाही. तो पानात आधीपासून नसतो. पान मरायला टेकलेलं असताना झाड तो नव्याने बनवतं. ही रंगद्रव्यं अँथोसायनिन कुळातली. कोकमाच्या आगळाचा आणि जांभळाने रंगलेल्या जिभेचा रंग याच कुळाचा. ती बनवायला साखर लागते आणि ऊन लागतं. पानाच्या देठाशी बुचासारखा थर धरू लागला की पानात तयार झालेली साखर बाहेर जाईनाशी होते. त्यात दिवस स्वच्छ उन्हाचे आणि रात्री गार, पण गोठणबिंदूच्या वरच्या, असे आठ-दहा दिवस मिळाले की मेपल पेटतात. आभाळ भरून राहिलं किंवा रात्री उबदार राहिल्या, तर तेच मेपल मातकट नारिंगीवर थांबतात. फार लवकर कडक हिमकण पडलं, तर पान रंग बनवण्याआधीच मरतं. उन्हाचा हात किती मोठा, ते बघायचं असेल, तर एकावर एक आलेली दोन पानं शोधा. वरचं उचललं की खालच्यावर त्याच्या सावलीचा पिवळा ठसा दिसतो, बाकी पान लाल.

मरणाऱ्या पानावर झाडाने एवढा खर्च का करावा? यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. विल्यम हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन यांनी २००१ साली मांडलं की भडक रंग ही किडींना दिलेली ताकीद आहे : मी धट्टंकट्टं झाड आहे, माझ्यावर अंडी घालायला येऊ नका. दुसरा पक्ष म्हणतो, ही उन्हाची छत्री आहे. यंत्रणा उतरवण्याचं काम चालू असताना पडणारा प्रकाश पानाला झेपत नाही, त्याने पेशी बिघडतात आणि नत्र परत घ्यायचं राहून जातं. लाल रंग तो जादा प्रकाश अडवतो. २००३ साली विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी लाल रंग बनवूच न शकणारी झुडपं आणि त्यांचीच साधी भावंडं शेजारी ठेवून तपासली. लाल होणाऱ्यांनी नत्र जास्त परत मिळवलं. मला हा पक्ष जास्त पटतो, आणि त्याला एक कारण घरचं आहे. आपल्या सोसायट्यांच्या आवारातला देशी बदाम पानं टाकण्याआधी लालभडक होतो, थंडी असो वा नसो. उलट सह्याद्रीतला कुसुम फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल होतो तो कोवळ्या पालवीने. पान नुकतं आलेलं असो की जायला निघालेलं, दोन्ही वेळा त्याची यंत्रणा अर्धवट असते आणि ऊन पुरं असतं. छत्री तेव्हाच तर लागणार. अर्थात, दोन्ही पक्ष थोडेथोडे खरे असण्यालाही कोणाची हरकत नाही.

जाता जाता : युरोपातला शरद बराचसा पिवळा असतो, अमेरिकेतल्यासारखा लाल नाही. का, यावरही वाद आहेत. पण नेमक्या रंगाची हमी हवी असणाऱ्याने खरं तर तिकडे जावं. आपल्याला ओढ असते ती लहरी लालाची.

तर मग बेत कसा आखायचा? विमानाची तारीख बांधा, गाव मोकळं सोडा. रंग एका दिवशी सगळीकडे येत नाही. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि माथ्यावरून पायथ्याकडे उतरतो. साधारणपणे व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरचा उत्तर भाग सप्टेंबरच्या शेवटी रंगतो, न्यू हॅम्पशायरमधले व्हाइट माउंटन्स हे डोंगर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, मॅसॅच्युसेट्स महिन्याच्या मध्यावर आणि कनेटिकटचा किनारा थेट ऑक्टोबरअखेर. म्हणजे चार-पाच आठवड्यांची ही वारीच आहे. आपण फक्त ती त्या दिवशी कुठल्या मुक्कामी आहे ते शोधायचं. तिथली राज्यं हंगामात रंगाचे नकाशे दर आठवड्याला काढतात. ते बघून आदल्या दिवशी दिशा ठरवावी.

आणि अंतरापेक्षा उंची स्वस्त पडते. हजार मीटर चढलं की हवा साडेसहा अंशांच्या आसपास थंडावते. न्यू हॅम्पशायरमध्ये लिंकन ते कॉनवे असा कॅनकामॅगस हायवे आहे, सुमारे ५५ किलोमीटरचा. त्याचा माथा ८७० मीटरच्या आसपास, तर कॉनवे दीडशे मीटरच्याही किंचित खाली. एवढ्या फरकात चार-साडेचार अंश सेल्सिअस सहज निघतात. वर पानं गळून गेली असतील, तर खाली ऐन बहर असू शकतो. खाली सगळं हिरवंच असेल, तर वर चढावं. दुसऱ्या खेपेला आम्ही हेच केलं. लिंकनला राहिलो आणि एकाच सकाळी खिंडीतले निष्पर्ण बर्च, मधल्या उतारावरचे जळते मेपल आणि कॉनवेजवळचे अर्धवट हिरवे ओक, असे तिन्ही आठवडे पाहिले. मात्र पेट्रोल आधी भरून घ्या, त्या रस्त्यावर एकही पंप नाही. आणि जोडसुट्टी टाळा. त्या तीन दिवसांत पानांपेक्षा गाड्यांचे मागचे लाल दिवेच जास्त दिसतात.

झाडांचाही क्रम असतो. पाणथळीतले लाल मेपल सगळ्यांच्या आधी, काही तर ऑगस्टअखेरच रंगतात. त्यांना बघून 'यंदा रंग लवकर' अशी हाकाटी होते, तिच्यावर जाऊ नये. मग ज्यांच्या रसाचा पाक होतो ते साखर-मेपल, बर्च, आणि मागून बीच. ओक सगळ्यांत शेवटी, तांबूस-तपकिरी. त्यांच्या पानांत टॅनिन भरपूर. फोटोसाठी भर दुपारपेक्षा ढगाळ सकाळ बरी, आणि ऊन असेलच, तर ते पानांच्या मागून येईल असं उभं राहावं.

आणि रजाच नोव्हेंबरच्या तोंडावर मिळाली तर? मेपल-बर्च तोवर आटोपलेले असतात. तेव्हा उत्तरेच्या दलदलींकडे जावं. तिथे टॅमरॅक नावाचं झाड आहे, दिसायला सूचिपर्णी. पण बाकी भाईबंद वर्षभर हिरवे राहत असताना हे एकटंच दर शरदात सगळ्या सुया टाकून देतं. टाकण्याआधी काही दिवस ते अख्खंच्या अख्खं रंगतं. रंग अर्थात पिवळा.