सुरतेची वखार: जहांगीरच्या दरबारातली पहिली वर्षं

1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने इंग्रजांची वखार लढवून वाचवली, हे आपण वाचलेलं असतं. ती वखार तिथे उभी कशी राहिली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

ऑगस्ट 1608 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाजातून सुरतेला आला आणि पुढच्या वर्षी आग्र्याला पोचला. त्याला तुर्की येत असल्यामुळे जहांगीरशी थेट बोलता आलं. बादशहा खूश झाला. त्याने 400 ची मनसब, म्हणजे दरबारी हुद्दा दिला, एका आर्मेनियन ख्रिस्ती मुलीशी लग्नही लावून दिलं. वखारीचा पक्का परवाना मात्र हाती लागेना. दरबारातले पोर्तुगीजांच्या बाजूचे जेझुइट पाद्री आणि सुरतेचा कारभार पाहणारा मुकर्रब खान, दोघेही आडवे आले. 1611 मध्ये हॉकिन्सने आग्रा सोडलं.

पोर्तुगीजांचा हा दरारा समुद्रामुळे होता. मक्केच्या वाटेवरच्या मुघल जहाजांनाही त्यांचा परवाना घ्यावा लागे. म्हणून पारडं फिरलं तेही समुद्रावरच. 1612 च्या अखेरीस सुरतेजवळ सुवाळीला इंग्रज कप्तान थॉमस बेस्टच्या दोन जहाजांनी पोर्तुगीज आरमाराला दाद दिली नाही, आणि 1613 च्या सुरुवातीला वखारीला मान्यता मिळाली. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी 'रहीमी' हे खुद्द बादशहाच्या आईचं जहाज पकडलं. माझ्या मते इंग्रजांना कुठल्याही नजराण्यापेक्षा ही आगळीक जास्त उपयोगी पडली.

जानेवारी 1616 मध्ये इंग्लंडच्या राजा जेम्सचा राजदूत सर थॉमस रो अजमेरला दरबारात हजर झाला. त्याने आणलेली घोडागाडी जहांगीरने आवडीने घेतली, पण आतलं मखमली अस्तर काढून जरीचं बसवलं आणि पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे ठोकून घेतले. बाजारातही तीच तऱ्हा होती. विलायती लोकरीच्या कापडाला गिऱ्हाईक नव्हतं. नीळ आणि सुती कापड घ्यायचं तर चांदी मोजावी लागे.

रोला दोन राजांमधला बरोबरीचा तह हवा होता. तीन वर्षं खटपट करून तो झाला नाही; शाहजादा खुर्रमकडून (पुढचा शाहजहान) सुरतेतल्या व्यापाराच्या सवलती तेवढ्या मिळाल्या. जहांगीरने आपल्या आठवणींत शिकारी, फळं, सारसांची जोडीसुद्धा बारकाईने नोंदवली आहे. थॉमस रोचा उल्लेख त्यात कुठेही नाही.