व्हीगन म्हटलं की कायद्याचं संरक्षण मिळतंच का?

"ब्रिटनमध्ये व्हीगन किंवा व्हेजिटेरियन असलं की धर्मासारखं कायद्याचं संरक्षण आपोआप मिळतं" असा मेसेज फिरत असतो (व्हीगन म्हणजे दूध-अंड्यांसकट प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारे). अर्धवट खरंय ते. २०१० च्या समानता कायद्याच्या कलम १० मध्ये धर्मासोबत तात्त्विक श्रद्धाही आहे, पण व्हीगन हा शब्दच नाहीये, कलम ऑनलाइन फ्री वाचता येतं, बघा. श्रद्धा मनापासूनची हवी, नुसतं मत नको, जगण्याच्या महत्त्वाच्या भागाशी जोडलेली हवी वगैरे कसोट्या २००९ च्या एका निकालातून आल्यात. त्या कसोट्या लावून नोकरीचे वाद ऐकणाऱ्या खालच्या न्यायाधिकरणाने २०१९ ला एका केसमध्ये व्हेजिटेरियनला नाही म्हटलं, २०२० ला दुसऱ्या केसमध्ये एथिकल व्हीगनला (प्राण्यांना त्रास नको या तत्त्वाने जगणाऱ्याला) हो, आणि खालचे निकाल इतरांवर बंधनकारक नसतात. नुसतं तब्येतीसाठी डाएट असेल तर अवघडच.