अठरा तासांचं वर्ष

पुष्य नक्षत्राच्या थोडं उत्तरेला, कर्क राशीतच, एक फिकट तारा आहे. शहरातून तो दिसायचा नाही. अंधाऱ्या माळरानावरून, नजर चांगली असेल तर जेमतेम दिसतो. ५५ कँक्री हे त्याचं यादीतलं नाव, कोपर्निकस हे नंतर ठेवलेलं. अंतर ४१ प्रकाशवर्षं. त्याच्या पाच ज्ञात ग्रहांपैकी सगळ्यांत आतला ग्रह म्हणजे यान्सेन. शोध २००४चा.

त्याच्यावर उभं राहिलं तर काय दिसेल? उभं राहता येणार नाही, हे आधीच मान्य करू. पृथ्वीच्या आठपट वस्तुमान, व्यास जवळपास दुप्पट, म्हणजे वजन सव्वादोनपट भरणार. आणि पायाखाली जमीन नाहीच, वितळलेला खडक आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण १२०० अंश सेल्सिअसला वितळतो. इथली दिवसाची बाजू त्याहून तापलेली. ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ आहे, की १८ तासांच्या आतच त्याची प्रदक्षिणा होते. एक बाजू बहुधा कायम ताऱ्याकडेच असते, त्यामुळे तिथे सूर्यास्त नाही. तारा आकाशात आपल्या सूर्याच्या साठपट रुंद दिसेल.

हे सगळं कोणी पाहिलेलं नाही. ग्रह ताऱ्यामागे गेला की दोघांच्या एकत्रित प्रकाशात किंचित घट होते. ती घट म्हणजेच ग्रहाचा स्वतःचा उजेड, आणि त्यावरून त्याचं तापमान काढतात. मला या प्रकरणातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. लाव्हा त्यापुढे काहीच नाही.

मध्यंतरी हा ग्रह हिऱ्यांचा म्हणून गाजला. २०१२मध्ये खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पोटात भरपूर कार्बन असू शकेल असं मांडलं, आणि बातम्यांना तेवढं पुरलं. पुढच्याच वर्षी ताऱ्यातलं ऑक्सिजनच्या तुलनेत कार्बनचं प्रमाण नव्याने मोजलं, तेव्हा ते आधीच्या अंदाजापेक्षा कमी भरलं. हिरे मथळ्यांतच राहिले.

मग आली जेम्स वेब दुर्बीण. वातावरण नसतं तर ताऱ्याकडची बाजू २२०० अंशांच्या आसपास तापली असती. २०२४मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत ती १५०० अंशांच्या थोडी वर निघाली. उरलेली उष्णता गेली कुठे? वारे ती रात्रीच्या बाजूला वाहून नेत असावेत, आणि वारे म्हणजे वायू आलेच, बहुधा कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायॉक्साइड. इतक्या जवळच्या ताऱ्याने मूळचं वातावरण केव्हाच उडवून लावलं असणार. पण खालचा लाव्हा सोडावॉटरसारखा सतत फसफसत वायू सोडत असेल, तर जेवढं उडतं तेवढं भरून निघेल.

गंमत अशी, की ग्रह ताऱ्यामागे गेल्यावरची ती प्रकाशातली घट दर वेळी सारखी येत नाही. कधी ग्रह जास्त तापलेला दिसतो, कधी कमी. एक अंदाज ढगांचा आहे, तोही खनिजांच्या ढगांचा: ढग दाटले की लाव्हा निवतो, वायू सुटणं मंदावतं, मग ढग विरतात आणि लाव्हा पुन्हा तापायला लागतो.