हळदीच्या अलीकडे, पलीकडे

शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर म्हटलं की आपल्याकडे पहिली आठवते ती हळद, म्हणजे तिच्यावरचं अमेरिकन पेटंट रद्द करून घेण्याची लढाई. पण त्या प्रकरणाची सुरुवात 1970 च्या पेटंट कायद्यापासून करावी लागते.

या कायद्यात औषध आणि अन्नपदार्थांवर पेटंट मिळत नव्हतं. मिळायचं ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. परदेशी कंपनीचं औषध वेगळ्या रीतीने तयार केलं की काम झालं. पुण्यात पाषाणला असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे एनसीएलचा, अशा पर्यायी पद्धती शोधण्यात हातखंडा होता. 1976 साली इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठातून माशेलकर तिथे आले. गोव्यातलं माशेल, लवकर गेलेले वडील, गिरगावात आईने काढलेले दिवस, मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतली पीएच.डी. ही सगळी गोष्ट त्यांच्या भाषणांतून महाराष्ट्राला पाठ झाली आहे, तेव्हा ती इथे पुन्हा सांगत नाही.

1989 मध्ये ते एनसीएलचे संचालक झाले. दुसऱ्याची वाट चुकवण्यापेक्षा स्वतःचं पेटंट परदेशात घ्यायचं, हा त्यांचा आग्रह. पुढे पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकवरच्या कामामुळे जीईसारखी अमेरिकन कंपनी गिऱ्हाईक म्हणून पुण्यात आली. सरकारी प्रयोगशाळेला हे नवीनच होतं.

1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. औषधांवरची पेटंट मान्य करायला भारताला 2005 पर्यंत मुदत होती. 1995 च्याच जुलैमध्ये माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे एनसीएलसारख्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक झाले. देशभरच्या जवळपास 40 प्रयोगशाळा आणि वीस हजारांवर माणसं त्यांच्या हाताखाली आली. शोधनिबंध छापण्याआधी पेटंटचा अर्ज करा, असं ते जिथे जातील तिथे सांगत. अनेक शास्त्रज्ञांना ही दुकानदारी वाटली, आणि मूलभूत संशोधनाचं काय, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळदीची पूड वापरण्यावर पेटंट मिळालं होतं. संशोधक म्हणून नावं होती ती भारतीय वंशाच्या दोघांची! आपल्याकडे गुडघा फुटला की आजी डब्यातली चिमूटभर हळद दाबते. पण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातलं तोंडी ज्ञान पुरावा म्हणून चालत नसे. छापील मजकूर लागे. म्हणून 1996 च्या ऑक्टोबरमध्ये सीएसआयआरने आव्हान दिलं ते 32 संदर्भ जोडून. त्यात संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर होता आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा एक निबंधही. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. हळदीघाटीची लढाई म्हणून ती गाजली. माझ्या मते खरी कमाई त्यानंतरची: 2001 पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली माहिती पाच परदेशी भाषांत डिजिटल रूपात आणायचं काम सुरू झालं, जेणेकरून पेटंट तपासनिसाला ती त्याच्या भाषेत वाचता यावी. प्रत्येक वेळी वकील लावून भांडण्यापेक्षा हे स्वस्त.

2005 ची मुदत आली, कायदा बदलला. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवं पेटंट मिळवता येऊ नये, म्हणून 3(ड) हे कलम कडक करण्यात आलं. औषधाचं पेटंट फक्त नव्या रासायनिक घटकापुरतं ठेवलं तर ते जागतिक व्यापार संघटनेच्या कराराच्या विरुद्ध ठरेल का, हे तपासायला समिती नेमली गेली. अध्यक्ष माशेलकर. डिसेंबर 2006 मध्ये, महासंचालकपद सोडता सोडता, अहवाल गेला. उत्तर होतं, हो, विरुद्ध ठरेल. स्वस्त औषधांसाठी झगडणाऱ्या संघटना आधीच चिडल्या होत्या. त्यात अहवालातला काही मजकूर ब्रिटनमधल्या एका अभ्यासातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला निघाला. पेटंट परीक्षकासमोर जुना छापील कागद ठेवून लढाई जिंकलेल्या माणसाच्या अहवालावर हा ठपका यावा! फेब्रुवारी 2007 मध्ये त्यांनी अहवाल मागे घेतला. 2009 मध्ये दुरुस्त करून तो पुन्हा दिला तेव्हा निष्कर्ष तोच ठेवला होता.