पोटाच्या दुखण्यात प्रोबायोटिक आलं कुठून

पावसाळा लागला की बडोद्यात, दांडिया बाजारात काय नि रावपुऱ्यात काय, जुलाब थांबवायच्या गोळीसोबत मेडिकलवाला प्रोबायोटिकची, म्हणजे फायद्याच्या जिवंत जंतूंची, कॅप्सूल देतोच, कोलायटिसवाल्यांनाही, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज असलेल्यांनाही, घरातलं कोणीतरी सांगतंच की घे, आतड्याला चांगलं असतं. पण त्यात जंतू कुठला आणि तो कशावर चालतो हे क्वचितच कोणी विचारतं, आणि मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे.

1900 च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये बिफिडो जंतू सापडले, जुलाब होणाऱ्या मुलांना ते द्यावेत असं त्यांचं म्हणणं. तिथलेच मेच्निकॉव्ह, नोबेल मिळालं 1908 मध्ये रोगप्रतिकारशक्तीच्या कामाला, पण लोकांत गाजलं ते त्यांचं दह्याचं मत, की बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध खातात म्हणून जास्त जगतात. रोज ताक पिणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच पटतं, पण घरच्या विरजणात कुठले जंतू किती आहेत ते कोणी मोजलेलं नसतं, म्हणून ताक प्यावं जरूर, औषध समजून नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती 1917 ची गोष्ट. पहिलं महायुद्ध चालू, सैनिक हगवणीने आजारी, आणि एक जण मात्र ठणठणीत, तर जर्मन डॉक्टर निस्ले यांनी त्याच्या शीतून ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा एक स्ट्रेन, म्हणजे पोटप्रकार, वेगळा काढला, तो आजही निस्लेंच्याच नावाने औषध म्हणून वापरतात. मग 1920 च्या दशकात इंडोचायनात कॉलराची साथ असताना फ्रेंच शास्त्रज्ञ बुलार यांनी पाहिलं की लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात, त्या फळांवरून त्यांनी यीस्ट मिळवलं, ते यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही, म्हणून अँटिबायोटिक चालू असतानाही देता येतं.

नंतर अँटिबायोटिकचा जमाना आला आणि हे सगळं बाजूला पडलं.

आतड्याच्या सुजेकडे लक्ष गेलं ते 1990 च्या दशकात. 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिस परत उसळू नये म्हणून निस्लेंचा स्ट्रेन मेसालाझिन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाच्या जवळपास बरोबरीचा ठरला, 2000 मध्ये इटलीत आठ जंतूंच्या मिश्रणाने पाउचायटिस, म्हणजे मोठं आतडं काढल्यावर बनवलेल्या पिशवीची सूज, आटोक्यात राहिली. क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या जुनाट आजारात, मात्र असं काही हाती लागलं नाही. आणि 2020 च्या अमेरिकन गाइडलाइनने तर क्रोन्स आणि कोलायटिस दोन्हींत फक्त ट्रायलपुरतंच वापरा असं सांगितलं, म्हणून चालू गोळ्या स्वतःहून बंद करून प्रोबायोटिकवर राहू नका, हे कळकळीने सांगतो.

जुलाबाचंही तसंच, 2018 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या ट्रायल्समध्ये मुलांना फायदा दिसला नाही, पण त्याआधी 2017 मध्ये ओडिशाच्या खेड्यांत नवजात बाळांना प्लँटारम नावाच्या जंतूचा ठराविक स्ट्रेन दिला तेव्हा सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, आणि मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी घटले. वेगळा जंतू, वेगळं वय, वेगळा आजार, मग उत्तर एकच कसं येणार? जुलाबात पहिलं ओआरएस आणि मुलांना झिंक, बाकी सगळं त्यानंतर.

दरम्यान धंदा वाढला, इथून जवळच आणंदच्या अमूलने 2007 मध्ये प्रोबायोटिक आइस्क्रीम काढलं, आणि 2011 मध्ये आयसीएमआर आणि डीबीटी या केंद्र सरकारच्या संशोधन संस्था-विभागांनी खाद्यपदार्थांतल्या प्रोबायोटिकसाठी नियमावली आणली. धोक्याकडे लक्ष त्याआधीच गेलं होतं, 2008 मध्ये नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या गंभीर सुजेच्या पेशंटना प्रोबायोटिक दिलं तर त्यांच्यात 16 टक्के दगावले, न दिलेल्यांत 6 टक्के. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी, लावलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या पेशंटमध्ये तर बुलार यांचं ते यीस्ट रक्तात उतरल्याच्या केसेस आहेत, म्हणून अशा माणसाला डॉक्टरला न विचारता साधं पाकीटही देऊ नये.